बहिणीच्या डाव्या पायात गुठळी झालीये, सीटीत इलियाक शीर दबलेली दिसली. स्टेंट घालावाच लागतो का?

घालावाच लागतो असं नाही. पण तुम्ही लिहिलंय की सिझेरियनला तीन आठवडे झालेत, पोटरीच नाही तर अख्खी मांडी सुजलीये, आणि रिपोर्टवर मे-थर्नर (म्हणजे पायाकडून पोटात येणारी इलियाक शीर धमनीखाली दबणं) लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी रेडिओलॉजिस्ट आहे, डॉपलरला (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीला) असे पाय कायम येतात. पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे हे फक्त डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल एवढ्यासाठी.

डावाच पाय का, तर महाधमनी बेंबीच्या आसपास दोन फाट्यांत विभागते आणि उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून वर येणाऱ्या शिरेला ओलांडून जाते. शिरेच्या मागे कमरेचा पाचवा मणका. म्हणजे पुढून ठोके देणारी धमनी, मागून हाड, आणि मधे पातळ भिंतीची शीर. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की काही जणांच्या शिरेत आतून पडदे तयार होतात. ऑस्ट्रियाच्या मे आणि थर्नर यांनी १९५७ साली ४३० शवं तपासल्याचं लिहिलं, त्यात २२ टक्क्यांत असे पडदे होते. डाव्या पायात गुठळ्या जास्त होतात हे जर्मनीच्या फिर्शोने तर त्याच्या शंभरेक वर्षं आधीच नोंदवलं होतं.

पण रिपोर्ट वाचून घाबरू नका, कारण २००४ साली अमेरिकेत पोटदुखीसाठी सीटी झालेल्या, पायाची काहीच तक्रार नसलेल्या लोकांच्या शिरा मोजल्या तर साधारण चौघांतल्या एकाची डावी इलियाक शीर निम्म्याहून जास्त दबलेली निघाली. ते सगळे आपापले हिंडतफिरत होते की. शिवाय पेशंट उपाशी, पाणी न पिता सीटीला आला तर शीर आणखीच चपटी दिसते. त्यामुळे 'दबलीये' एवढ्या एका शब्दावर मी तरी कुणाला स्टेंटकडे पाठवणार नाही.

गुठळी व्हायला रक्त संथ वाहणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती, यातलं एकापेक्षा जास्त काहीतरी जुळून यावं लागतं. दबलेल्या शिरेत पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार असतातच, तिसरी बाळंतपणात येते आणि डिलिव्हरीनंतर साधारण सहा आठवडे तरी राहते. त्यात सिझेरियन, त्यात आपल्याकडे बाळंतिणीला उठू नको, पाणी कमी पी म्हणणारी चार माणसं घरात असतातच. मालिशवाल्या बाई येत असतील तर त्या पायाला हात लावू देऊ नका, आईंना वाईट वाटलं तरी चालेल.

आता एक गोष्ट रिपोर्टमध्ये शोधा. जांघेतल्या शिरेवर प्रोब ठेवला की स्क्रीनवर रक्ताचा प्रवाह श्वासाबरोबर वरखाली होताना दिसतो. उजवीकडे तो छान हलतोय आणि डावीकडे सपाट, एकसुरी रेघ चाललीये, म्हणजे वर पोटात कुठेतरी अडथळा आहे. 'फेजिसिटी' असा शब्द असेल बघा. साध्या डॉपलरला पोटातला तो भाग आतड्यांतल्या गॅसमुळे बरेचदा दिसतच नाही, म्हणून सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (शिरांचं चित्रण) करतात, आणि खात्रीचं उत्तर हवं तर शिरेच्या आतून सोनोग्राफी.

उपचाराचा पाया रक्त पातळ करणारी औषधंच, कमीत कमी तीन महिने. बाळ अंगावर पीत असेल तर हेपरिनची इंजेक्शनं आणि वॉरफेरिन चालतं, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या सहसा टाळतात. वॉरफेरिनवर मेथी-पालक बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी टेस्ट) सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात.

स्टेंटचा विचार कधी, तर गुठळी इलियाकपर्यंत गेलीये, ताजी आहे (साधारण दोन आठवड्यांच्या आतली), पाय खूपच सुजलाय आणि रक्तस्रावाचा धोका कमी आहे, तेव्हा कॅथेटरने (शिरेत घातलेल्या बारीक नळीने) आधी गुठळी काढतात किंवा विरघळवतात आणि मग खाली उरलेलं दबणं किती आहे ते बघून स्टेंट. २०१७ च्या ॲट्रॅक्ट ट्रायलमध्ये ६९२ पेशंट होते, नुसती औषधं आणि औषधं अधिक कॅथेटर यात दोन वर्षांनी पायाचा कायमचा त्रास राहणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ४८ आणि ४७ टक्के, आणि कॅथेटरवाल्यांत रक्तस्राव जास्त झाला. मात्र जांघेच्या वर गुठळी असलेल्यांत त्रासाची तीव्रता कमी दिसली, आणि तुमची बहीण त्या गटात बसू शकते. सिझेरियन इतकं ताजं असताना गुठळी विरघळवणारं औषध देणं जोखमीचं, म्हणून ती यंत्राने ओढून काढता येईल का हे व्हॅस्क्युलर सर्जनला स्पष्ट विचारा. स्टेंट एकदा बसला की जन्मभर राहतो, तेव्हा पुढच्या बाळंतपणाचा विषयही आत्ताच काढा.

वाट बघायची नाही अशा गोष्टी: दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, किंवा पाय निळा पडून असह्य दुखणं. रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आणि आनुवंशिक आहे का विचारलंत. शीर दबणं तसं धरत नाहीत, गोठण्याची प्रवृत्ती मात्र घराण्यात असू शकते. पण ती शोधणाऱ्या प्रोटीन एससारख्या (रक्त गोठू न देणाऱ्या प्रथिनाच्या) टेस्ट आत्ता केल्या तर गरोदरपणामुळे आणि वॉरफेरिनमुळे खोट्याच कमी येतील, त्या नंतर करा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिला यापुढे नकोत, कॉपर टीबद्दल गायनॅकना विचारा.