वाचकांचे प्रश्न : मोठं शहर जास्त वेगाने वाढतं का?

प्रश्न : मुंबईत मुळातच इतकी माणसं, म्हणजे तिथली लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढत असणार. मग २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली कशी?

उत्तर : आकारावरून वेग ठरत नाही. २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबई, म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून, १ कोटी १९.८ लाखांवरून १ कोटी २४.४ लाखांवर गेली. वाढ अवघी ३.९ टक्के. तेव्हाचा ठाणे जिल्हा त्याहून लहान, ८१.३ लाखांचा, पण तो ३६ टक्क्यांनी वाढला. लहान ते वेगाने वाढतं, असंही नाही. जेमतेम १७ लाखांचा रत्नागिरी जिल्हा त्याच दशकात ४.८ टक्क्यांनी घटला.

वेग ठरतो जन्म-मृत्यूंतल्या फरकावर आणि कोण येतं, कोण जातं यावर. कुलाबा ते माहीम-शीव या पट्ट्यात, म्हणजेच मुंबई शहर जिल्ह्यात, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालयं आणि टॉवर उभे राहिले, घरांच्या किमती नोकरदारांच्या आवाक्याबाहेर गेल्या. माणसं लोकलच्या मार्गाने विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. म्हणून मुंबई शहर जिल्हा ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आला. नोकरी मुंबईत, शिरगणती ठाण्यात! महानगर वाढतंय का हे पाहायचं, तर दोन्हीकडचे आकडे एकत्रच धरायला हवेत.

तुलनेआधी हद्द तपासा. वसई-विरार महापालिका २००९मध्ये नगरपालिका आणि गावं एकत्र करून झाली. २००१चा आकडा त्याच क्षेत्राचा जुळवून घेतला नाही, तर वाढ भलतीच फुगते. पालघर जिल्हा २०१४मध्ये वेगळा झाला, म्हणून पुढच्या तुलनेत ठाणे आणि पालघरची बेरीज करावी लागेल.

प्रश्न : भारताची २००१-२०११ची दशकवाढ १७.७ टक्के, म्हणजे वर्षाला १.७७ टक्के ना?

उत्तर : नाही, वाढ चक्रवाढीने होते. २०११च्या १२१.०९ कोटींना २००१च्या १०२.८७ कोटींनी भागा, येतं १.१७७. त्याचं दहावं मूळ (जी संख्या दहा वेळा घेऊन गुणली की १.१७७ येतं ती) १.०१६४, म्हणजे वर्षाला १.६४ टक्के.

आकाराचा परिणाम दिसतो तो वेगात नाही, भर पडलेल्या माणसांच्या संख्येत. १९९१-२००१मध्ये वेग २१.५ टक्के होता, पुढच्या दशकात १७.७. तरी भर दोन्ही वेळा सुमारे १८.२ कोटींचीच, कारण पाया मोठा झाला होता. ७०ला वार्षिक वाढीच्या टक्क्याने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं ढोबळमानाने मिळतात. पण ७० भागिले १.६४, म्हणून ४३ वर्षांत दुप्पट, हा हिशेब इथे लावू नका. तो वेग कायम राहील असं धरून चालतो, आणि भारताचा वेग उतरतो आहे.