वाचक विचारतात : इंग्रजीच्या तासाला कचरा, पुनर्वापर आणि पर्यावरण

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: इंग्रजी शिकणाऱ्यांना पर्यावरणावर बोलतं कसं करायचं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : 'पर्यावरणाचं रक्षण' हा विषय चर्चेला दिला की दोन मुलं 'वी शुड सेव्ह ट्रीज' म्हणतात आणि बाकीचा वर्ग गप्प. शब्द आधी पाठ करून घेतलेले असतात, तरीही. कुठे चुकतं?

प्रश्नात चुकतं. 'हाऊ कॅन वी सेव्ह द एन्व्हायर्नमेंट?' या प्रश्नावर वर्गात कुणाचंच दुमत नसतं, आणि दुमत नसेल तर बोलणार काय? त्याऐवजी मुलांच्या हातात वस्तू द्या आणि एक छोटा निर्णय मागा: हे कुठल्या डब्यात जाईल?

चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाला धुतलेल्या, कोरड्या आठ वस्तू द्या. त्यांतल्या तीन सोप्या असाव्यात: वर्तमानपत्र, शीतपेयाचा डबा, काचेची बाटली. उरलेल्या पाच वादाच्या हव्यात. कागदी कप कागदाचा दिसतो, पण आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुकानाच्या यंत्रातून येणारी गुळगुळीत पावती रसायन लावलेल्या कागदाची असते. वेफर्सचं चकाकणारं पाकीट आतून धातूसारखं दिसतं, पण ते बहुतेक प्लास्टिकच असतं आणि थर एकमेकांना चिकटलेले असल्याने वेगळे करणं अवघड जातं. चौथी वस्तू तेलाने माखलेला पुठ्ठ्याचा खोका. पाचवी पंपाच्या झाकणाची शाम्पूची बाटली: पंपात बऱ्याचदा धातूची स्प्रिंग असते. डबे पाच: पेपर, ग्लास, मेटल, प्लास्टिक आणि 'नन ऑफ दीज'. शेवटचा डबा विसरू नका, खरी भांडणं त्याच्यावरूनच होतात.

45 मिनिटांचा तास असा वाटा: वस्तूंची नावं 5 मिनिटं, वाक्यांचे साचे 8, गटात वर्गीकरण 15, दोन गट समोरासमोर बसवून फरकांवर बोलणं 10, उरलेला वेळ चुका दुरुस्त करायला. साचे फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्या: 'आय थिंक इट गोज इन पेपर, बिकॉज इट्स मेड ऑफ…', 'यस, बट लुक इनसाइड', 'आय ॲम नॉट शुअर अबाउट धिस वन', 'इट डिपेंड्स ऑन…'. कारण सांगितल्याशिवाय वस्तू डब्यात टाकायची नाही, हा एकच नियम कडक पाळा.

मुलं मराठीत घसरतात ती बहुधा वस्तूचं नाव अडल्यामुळे नाही, तर 'नाही, तसं नाही' कसं म्हणायचं ते न सुचल्यामुळे. म्हणून असहमतीची वाक्यं आधी शिकवा. एकच मूल सगळं बोलून टाकत असेल तर प्रत्येकाला तीन बटणं द्या. एकदा बोललं की एक बटण मध्ये ठेवायचं, संपली की ऐकायचं.

एक खबरदारी. अमुक वस्तू कुठे जाते, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणच्या यंत्रणेनुसार बदलतं. गटांना 'राइट' आणि 'राँग' असे गुण देऊ नका. त्यांनी दिलेलं कारण किती पटलं ते पाहा.

प्रश्न : 'गार्बेजेस', 'वेस्टेस', 'मेनी प्लास्टिक' या चुका जाता जात नाहीत.

यादी पाठ करून त्या जाणारही नाहीत. वेस्ट, रबिश, गार्बेज, लिटर (इकडेतिकडे टाकलेला कचरा), पेपर, कार्डबोर्ड ही नावं ढिगाची आहेत. बॉटल, कॅन, जार, कार्टन, बॅग ही एकेका नगाची. ढीग मोजता येत नाही, नग येतो. मुलांना दोन दिवस घरच्या डब्यात काय पडतं ते लिहून आणायला सांगा आणि जोडीत विचारू द्या: 'हाऊ मच पेपर?', 'हाऊ मेनी बॅग्ज?' त्याच नोंदींवर पुढचा धडा घ्या: 'लेस प्लास्टिक', पण 'फ्यूअर बॅग्ज'.

'ग्लास'वर मात्र मुद्दाम थांबा. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पाणी प्यायचा पेला. हा फरक फक्त व्याकरणाचा नाही. पेल्याची किंवा उष्णता सहन करणाऱ्या भांड्याची काच बाटलीच्या काचेपेक्षा वेगळ्या घडणीची असू शकते. उष्णतारोधक काच तर बाटलीच्या काचेच्या तापमानाला नीट वितळतही नाही आणि नव्या बाटलीत दोष राहतो. त्यामुळे अनेक ठिकाणी बाटल्यांच्या डब्यात पेले टाकू देत नाहीत. 'ग्लास बॉटल्स, यस. ग्लासेस, नो' एवढं वाक्य वर्गात घुमलं की 'अ'चं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. 'पेपर'चंही तसंच: 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, कागदाचा एक ताव हवा असेल तर 'अ शीट ऑफ पेपर'.

'प्लास्टिक्स' हे रूप दिसलं की लगेच लाल रेघ मारू नका. प्लास्टिकचे प्रकार या अर्थाने ते बरोबर आहे.

प्रश्न : बाटलीच्या प्रवासावरून कर्मणी प्रयोग शिकवते. मुलं 'द बॉटल्स आर वॉशेड' म्हणतात आणि मध्येच 'द कॅप्स आर फ्लोटेड'. हे कसं सुधारावं?

दोन वेगळ्या चुका आहेत, त्या वेगळ्या सोडवा.

पहिली उच्चाराची. लिहिताना शेवटी 'ईडी' असलं तरी उच्चार तीन होतात. वॉश, क्रश यांच्यानंतर नुसता 'ट': वॉश्ट, क्रश्ट. क्लीननंतर 'ड': क्लीन्ड. मूळ शब्द 'ट' किंवा 'ड' ध्वनीवर संपत असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: सॉर्टिड, मेल्टिड, श्रेडिड, कलेक्टिड. नेमकी याच क्रियापदांची या विषयात गर्दी असल्याने मुलं तोच नमुना 'वॉश'लाही लावतात. क्रियापदं तीन स्तंभांत लावून घ्या आणि मोठ्याने म्हणवून घ्या.

दुसरी चूक जास्त मोलाची आहे. पाण्याच्या टाक्यांत बाटलीचे तुकडे तळाशी जातात आणि झाकणांचे वर तरंगतात. बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं हलकं, म्हणूनच ते वेगळे करता येतात. इथे कुणी काही करत नाही, वस्तू आपापली वागते. म्हणून 'द फ्लेक्स सिंक, द कॅप्स फ्लोट'. बाटलीवर माणूस किंवा यंत्र काय करतं ते कर्मणीत सांगायचं आणि ती स्वतः जे करते ते कर्तरीत.

वाक्यांच्या आठ पट्ट्या कापून द्या आणि क्रम लावायला सांगा: बाटल्या गोळा होतात, प्रकारानुसार निवडल्या जातात, त्यांचे तुकडे होतात, तुकडे धुतले जातात, जड तुकडे बुडतात, हलके तरंगतात, वेगळे केलेले तुकडे वाळवून वितळवले जातात, त्यांचे दाणे किंवा धागे बनवले जातात. प्रत्येक पट्टीवर क्रियापदाचं मूळ रूपच ठेवा. कर्तरी की कर्मणी, ते मुलांनी ठरवायचं. शेवटच्या वाक्यात 'मेड इंटू' येईल. 'धिस शर्ट इज मेड फ्रॉम बॉटल्स' आणि 'द बॉटल इज मेड ऑफ प्लास्टिक' ही दोन वाक्यं शेजारी लिहा: मूळ वस्तू ओळखू येत नसेल तर सहसा 'फ्रॉम', दिसत असेल तर 'ऑफ'.

वर्ग पुढचा असेल तर 'कॅन बी रीसायकल्ड' घ्या. कागदाचे तंतू दर फेरीत आखूड होतात, त्यामुळे कागद साधारण 5 ते 7 वेळाच पुन्हा वापरता येतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा जवळपास नाही, आणि खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत त्यात सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. तुलनेची वाक्यं इथे आपोआप सुचतात.

प्रश्न : बाटलीखालच्या बाणांच्या त्रिकोणाला 'रीसायकल्ड' म्हणायचं की 'रीसायकलेबल'?

दोन्ही नाही. तीन बाणांचं मूळ चिन्ह 1970 मध्ये गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. आत 1 ते 7 आकडा असलेला त्रिकोण 1988 मध्ये प्लास्टिक उद्योगाने आणला. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. 'रीसायकल्ड' म्हणजे आधीच झालेलं, 'रीसायकलेबल' म्हणजे होऊ शकणारं.

प्रश्न : प्रौढांच्या वर्गात सगळे 'प्लास्टिक मस्ट बी बॅन्ड' यावर एकमत होऊन पाच मिनिटांत थांबतात.

बंदी हवी की नको, हे विचारू नका. दोन खरे मार्ग समोर ठेवा. बांगलादेशाने 2002 मध्ये पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पुराच्या वेळी त्या गटारं तुंबवत होत्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी न घालता दर पिशवीमागे 15 सेंट कर लावला आणि पिशव्यांचा वापर सुमारे 90 टक्क्यांनी घटला. निम्म्या वर्गाला बंदीची, निम्म्याला कराची बाजू द्या आणि प्रत्येकाला एक भूमिका: दुकानदार, ग्राहक, पिशव्या बनवणारा कामगार, गटारं साफ करणारा. भूमिका मिळाली की 'इफ बॅग्ज वेअर बॅन्ड, आय वुड लूज माय जॉब' असं वाक्य गरजेपोटी येतं. मग 'मस्ट', 'शुड' आणि 'कुड' यांतला फरकही खरा होतो, कारण कामगार 'मस्ट' सहज मान्य करत नाही.

या चर्चेत तीन चुका हमखास ऐकू येतात: 'डिस्कस अबाउट' (नुसतं 'डिस्कस'), 'आय ॲम अग्री' ('आय अग्री') आणि 'अकॉर्डिंग टू मी' ('इन माय ओपिनियन'). बोलणं तोडून त्या सुधारू नका. कागदावर टिपा, शेवटच्या दहा मिनिटांत कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गालाच दुरुस्त करू द्या.