नव्या .३२ पिस्तुलात एका जातीची काडतुसं नीट चढतात, दुसरी अडकतात. दोष पिस्तुलाचा की काडतुसांचा?

तुम्ही लिहिलंय की पिस्तूल .३२ चं, लहान आकाराचं आणि नवंकोरं आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची गोल नाकाची काडतुसं चालतात, पण पोकळ टोकाची घातली की दुसऱ्या-तिसऱ्या बाराला अडकतं, आणि म्हणून रत्नागिरीत कुणाकडून तरी फीड रॅम्प (काडतूस नळीत चढवणारा उतार) घासून घ्यायचा विचार आहे. तो विचार आधी सोडा. घासलेला रॅम्प परत भरून येत नाही, आणि माझा संशय रॅम्पवर नाहीच, काडतुसाच्या लांबीवर आहे.

.३२ ऑटो म्हणजे ७.६५ मि.मी. ब्राउनिंग हे काडतूस १८९९ च्या सुमाराचं. त्याच्या बुडाची कडा पुंगळीपेक्षा (काडतुसाच्या पितळी कवचापेक्षा) किंचित रुंद असते: पुंगळी बुडाशी साधारण ८.६ मि.मी., कडा ९.१. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर. सगळी भानगड या पाव मिलिमीटरची. मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीत, वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. ती मागे सरकली, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) वरच्याला पुढे ढकलते तेव्हा ते खालच्याच्या कडेला अडतं आणि जागचं हलत नाही. याला रिमलॉक म्हणतात.

गोल नाकाचं काडतूस पुरं लांब, २५ मि.मी.च्या जवळपास असतं आणि मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा उरत नाही. पोकळ टोकाची बरीचशी काडतुसं मिलिमीटर-दोन मिलिमीटर आखूड असतात. तेवढ्या मोकळ्या जागेत प्रत्येक बाराच्या झटक्याला ती मागेपुढे सरकतात आणि कडा अदलाबदल करतात. पहिला बार म्हणूनच बिनबोभाट जातो. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं मोजमापक) घेऊन दोन्ही जातींची पाच-पाच काडतुसं मोजून बघा, आकडेच बोलतील.

खात्री करायची तर अडकल्यावर लगेच स्लाइड ओढू नका. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आणि नीट बघा. काडतूस मॅगझिनच्या ओठांतच (तोंडाच्या आत वळलेल्या कडांत) असेल आणि अंगठ्याने पुढे ढकलून सरकत नसेल, तर रिमलॉक. अर्धं पुढे जाऊन नाक रॅम्पवर टेकलं असेल, तर मॅगझिनचे ओठ, स्प्रिंग किंवा रॅम्प बघायचा. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी ते बसायच्या जागेत) गेलंय पण स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली, तर मळ, घट्ट झालेलं तेल नाहीतर जाड काडतूस. रिकामी पुंगळी उभी अडकली, तर बहुधा मनगट सैल होतं. या पिस्तुलांत स्लाइड मागे जाण्याची ताकद फक्त झटक्याची. हात मागे गेला की ती ताकद वाया जाते.

रिमलॉक सोडवायचा तर स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन काढा, स्लाइड दोनदा ओढा, चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासा. मग मॅगझिनमधलं खालचं काडतूस बांबूच्या काडीने दाबा, वरचं पुढे सरकून निघेल. स्क्रू ड्रायव्हर नको, टोपीला (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या कॅपला) टोचला तर महागात पडेल.

आता चाचणी. परवाना असलेल्या रेंजवरच, आंब्याच्या बागेत नाही. मॅगझिनांवर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. दोन मॅगझिन, दोन जातीची काडतुसं, प्रत्येक जोडीला पाच बार: एकूण वीस. एका वेळी एकच गोष्ट बदला. अडकणं एकाच मॅगझिनच्या मागे लागलं तर मॅगझिन दोषी, एकाच काडतुसाच्या मागे लागलं तर काडतूस. नंतर एकदा मॅगझिन पूर्ण भरून बघा: पहिलंच अडकलं तर स्प्रिंग जास्त ताठ, शेवटचं अडकलं तर स्प्रिंग थकलेली. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे ठेवा. लागोपाठचे बार टिपून ठेवा, कितव्या बाराला काय झालं तेही. पुंगळ्या गोळा करा, कारण नवी काडतुसं घेताना त्यांचा हिशेब विचारला जाऊ शकतो.

चेंबर तपासायला नळी (बॅरल) वेगळी काढून काडतूस आत सोडा. टक्कन बसायला हवं, आणि उलटं केलं की आपोआप पडायला हवं. हाताने चढवून-उतरवून बघायचं ते डमी काडतुसाने. खरं काडतूस तसं वारंवार चढवलं, तर गोळी पुंगळीत आत ढकलली जाते, काडतूस आणखी आखूड होतं आणि बाराचा दाब वाढतो.

डीलरकडे नुसतं ‘पॉइंट बत्तीस’ मागू नका. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग वेगळं: पुंगळी २३ मि.मी.च्या पुढे, कडा ९.५. खोक्यावर ७.६५ मि.मी. किंवा .३२ ऑटो लिहिलंय ना, ते वाचून घ्या. (खडकीच्या काडतुसांवर ‘केएफ’ असतं, किरकी फॅक्टरी, जुनं नाव.)

बारा बोअरच्या बंदुकीवर हात बसलेल्या शेतीसंरक्षणवाल्यांना ही कटकट ठाऊक नसते, तिथे काडतूस हाताने नळीत घालतात.

कोकणात एक जास्तीचं कारण: खारी हवा. पितळेवर हिरवट कीट चढला की काडतूस घट्ट बसतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये काडतुसं मुरवत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पुडी बदला. तेल स्लाइडच्या खाचांना दोन-चार थेंब, पण चेंबर आणि काडतुसं कोरडी, कारण तेल टोपीत झिरपलं की बार उडत नाही. आणि खोबरेल नको, घरात कितीही डबे असले तरी! थंडीत ते थिजतं आणि नंतर चिकट थर धरतं.

एवढं करून गोल नाकाची काडतुसंही दोन्ही मॅगझिनांत अडकली, तरच पिस्तूल परत द्या. तेव्हा ती वीस बारांची नोंद डीलरपुढे ठेवा. गोल नाकाची चालत असतील, तर आखूड काडतुसांसाठी मॅगझिनच्या मागच्या बाजूला पातळ पट्टी बसवता येते. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. नाहीतर पोकळ टोकाचा नाद सोडून गोल नाकाची वापरा. मी असतो तर हेच केलं असतं.