लातूरला माझा लाकडी घाणा आहे, दिवसभर सवड नसते. वेबसाइटवर लेख कसे आणि किती लिहावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेबसाइट होऊन सहा महिने झाले, करून देणारा म्हणतो आठवड्याला दोन लेख टाका, आणि घाणा, गल्ला, पार्सल एकट्याने बघताना ते जमत नाही.

आठवड्याला दोन विसरा. महिन्याला एक पुरे, पण तो असा हवा की गिऱ्हाइकाचा फोन आला तर त्याचीच लिंक पाठवता यावी. गूगलने लेखाला शब्दांची किमान मर्यादा घातलेली नाही. तीन-चारशे शब्दांत उत्तर संपत असेल तर तिथेच थांबा, हजार शब्द भरण्यासाठी तेलाचा वैदिक काळापासूनचा इतिहास लिहू नका. तो वाचायला तुमच्याकडे कुणी येत नाही.

विषय शोधत बसायची गरज नाही, ते रोज काउंटरवर येऊन पडतात. गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नांना तारा लावून ठेवा. "तेलाला फेस का येतो?", "खाली गाळ बसलाय, खराब झालं का?", "रिफाइंडपेक्षा एवढं महाग कसं?", "आमची करडी आणली तर गाळून देता का?", "पेंड मिळेल का?" एकच प्रश्न तीनदा आला की त्याचा लेख करायचा. शीर्षकही तोच प्रश्न, कारण माणूस गूगलला तसाच विचारतो आणि आता बरेच जण तोंडानेच विचारतात. "करडई तेल: निसर्गाचे वरदान" असं कुणी बोलत नाही.

फरक कसा पडतो ते एका उदाहरणावर बघा. बहुतेक साइटींवर हे असतं: "आमच्या येथे उच्च प्रतीचे, शुद्ध व सात्त्विक घाण्याचे तेल रास्त दरात मिळेल." यातून गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही. आता हे वाचा:

"आम्ही तेल लिटरवर विकतो. एक लिटर तेलाचं वजन साधारण 920 ग्रॅम भरतं, म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये सुमारे 4 किलो 600 ग्रॅम तेल असतं. 15 किलोचा डबा घेतला तर त्यात सोळा लिटरच्या थोडं वर बसतं. दोन दुकानांचे भाव ताडताना आधी किलो की लिटर ते विचारा: 300 रुपये लिटर म्हणजे जवळपास 326 रुपये किलो. शेजारी कुणी 320 रुपये किलोने देत असेल तर ते दिसायला महाग, पण स्वस्त आहे."

यातले भाव फक्त उदाहरणापुरते आहेत. असा परिच्छेद वाचणाऱ्याला कळतं की इथे माप लपवत नाहीत. महागाईच्या प्रश्नालाही हाच मार्ग. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. तुमच्या घाण्यावर नेमके किती लागतात ते चार दिवस मोजा, दाण्याचा भाव लावा, मजुरी आणि वीज धरा, पेंडीचे आलेले पैसे वजा करा आणि हिशेब उघडा मांडा. ही माहिती दुसऱ्या कुठल्या साइटवर नसणार. फेसाचंही तसंच: घाण्याच्या तेलात चोथ्याचे बारीक कण, चिकट द्रव्यं आणि थोडा ओलावा राहतो, म्हणून तापवताना फेस येतो; रिफाइंड करताना ते काढून टाकतात. तुम्ही तेल किती दिवस निवळू देता आणि कशातून गाळता ते पुढे लिहा, झाला लेख.

लिहायला बसायला वेळ नाही ही अडचण खरी आहे, म्हणून बोला. फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून पाच मिनिटं उत्तर द्या. घाणा चालू असताना करू नका. त्या आवाजात निम्मे शब्द भलतेच उमटतात. आकडे, गावांची नावं आणि "करडई"सारखे शब्द हमखास तपासा. विरामचिन्हं बहुतेक हातानेच टाकावी लागतात. बोलणं आज, दुरुस्ती उद्या. एका बैठकीत दोन्ही करायला गेलं की लेख अर्धवट राहतो. पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर, मग कारण, मग तुमच्याकडची पद्धत, शेवटी फोन नंबर. दुरुस्तीला अर्धा तास धरा.

एआयकडून लिहून घ्यावं का? कोरा विषय देऊन नको. ते गोड मराठीत काहीही ठोकून देतं, आणि तुमच्या घाण्याचा उतारा (किती दाण्यांतून किती तेल निघतं) त्याला माहीत नसतो. तुमचं बोलणं देऊन "नवीन माहिती घालू नको, फक्त वाक्यं नीट कर" असं सांगितलं तर उपयोग आहे. एआय वापरलं म्हणून गूगल शिक्षा करत नाही, पण पानं नुसती घाऊक भावात पाडली तर ते 2024 पासून गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरतं. आठवड्याला दोनचा हट्ट बहुतेक तिकडेच नेतो.

आता जिथे खरी चूक होते ते. एक, जाहिरातीचा पत्रक-फोटोच पान म्हणून चढवलेला असतो. फोटोतली अक्षरं हा काही पानाचा मजकूर नव्हे, त्यांच्या भरवशावर सर्चमध्ये वर येण्याची आशा धरू नका. मजकूर टाइप केलेलाच हवा. दोन, फ्लेक्सवाल्याकडून घेतलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्याच्या संगणकावर सुबक दिसतो, साइटवर चिकटवला की कचरा होतो. युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) बदलून मागा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांखालून घाला. तीन, पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला की लिंक चिकटवताना तिचं टक्केचिन्हांचं शेपूट होतं. नुसत्या "करडई"ची 36 अक्षरं होतात. पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. चार, मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवतात. रुंदी 1200 पिक्सेल आणि वजन 200 केबीच्या आत आणा, नाहीतर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. व्हॉट्सॲपची लिंक देताना नंबराच्या आधी 91 लावा, अधिकचिन्ह किंवा शून्य नको. नाहीतर दाबल्यावर चॅट उघडत नाही.

गावांची नावं दोन्ही लिहा. पार्सल जातं त्या यादीत "धाराशिव (उस्मानाबाद)" आणि "छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)" असं एकदा तरी यावं. जिल्ह्यांची नावं 2023 मध्ये बदलली, लोकांची बोटं अजून जुनंही टाइप करतात. तसंच "करडई" आणि "करडी" दोन्ही. दुकानाचा पत्ता मात्र नकाशाच्या भाषेत नको: गंजगोलाईकडून (शहरातल्या मुख्य बाजारपेठेकडून) कसं यायचं, कुठल्या रोडला वळायचं, टेम्पो दारापर्यंत येतो का, हे सांगा. गूगलवरचं व्यवसायाचं मोफत प्रोफाइल आधी पडताळून घ्या. गावातलं गिऱ्हाईक लेखाआधी तेच बघतं. तिथली वेळ आणि दारावरची वेळ जुळली पाहिजे. येळवशीला (वेळ अमावास्येला) निम्मं लातूर शेतात भज्जी-आंबिलावर असतं. त्या दिवशी बंद असाल तर प्रोफाइलवर सुट्टी टाका, नाहीतर बाहेरगावचा माणूस कुलूप बघून एक तारा देऊन जातो.

आजारांवरचे दावे अजिबात लिहू नका. अन्न सुरक्षा कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येतच वेबसाइट येते आणि दाव्यांसाठी 2018 चे वेगळे नियम आहेत. "गुडघेदुखी जाते", "हृदयविकार टळतो" हे अंगलट येऊ शकतं. "कोलेस्टेरॉल नसलेलं" हेही मिरवू नका. कुठल्याच वनस्पती तेलात ते म्हणण्यासारखं नसतं. त्याऐवजी अन्न सुरक्षेचा 14 अंकी परवाना क्रमांक पानाच्या तळाशी द्या.

वेळेचं बघाल तर लेख हंगामाच्या आधी दीड-दोन महिने टाका, गूगलमध्ये वर यायला तेवढा अवधी लागू शकतो. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तर "आमची करडी गाळून देता का"चं उत्तर जानेवारीच्या सुरुवातीलाच साइटवर हवं. दिवाळीचं ऑगस्ट-सप्टेंबरात, संक्रांतीच्या तिळाचं नोव्हेंबरात. विक्रीचे चालू भाव लेखात कधीच लिहू नका, हिशेबातले आकडे उदाहरणापुरतेच ठेवा. दराचं एकच पान ठेवा, वर तारीख टाका आणि बाकी सगळीकडून त्याची लिंक द्या. नाहीतर भाव हलला की दहा पानं दुरुस्त करत बसाल आणि एक राहूनच जाईल.

तीन महिन्यांनी गूगल सर्च कन्सोल उघडा, फुकट आहे. लोक कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. साइट दिसली पण कुणी उघडली नाही असा शब्द सापडला, तर नवा लेख लिहिण्याऐवजी जुन्याचं शीर्षक बदला.

आणि आजच एक फोन करा: डोमेन (साइटचं नाव) कुणाच्या ईमेलवर आहे ते साइट करणाऱ्याला विचारा. त्याच्या असेल तर आधी ते तुमच्या नावावर घ्या, मगच पहिला लेख चढवा.