नाटक पोरांचं, मग कागद सरांचा काहून?

गॅदरिंगला अजून बराच वेळ आहे तरी या महिन्याच्या टपालात नाटकाचीच पत्रं जास्त निघाली. बरंय, दरवर्षी डिसेंबरात धावपळ करत विचारता, या वेळी पावसाळ्यातच आठवण झाली.

प्रश्न : आमच्या शाळेतली आठवी ते दहावीची पंधरा-सोळा पोरं-पोरी नाटक करायला तयार आहेत. दरवर्षी आम्ही छापील एकांकिका बसवतो, या वेळी त्यांनी स्वतःचं नाटक करावं असं वाटतं. पण विषय विचारला की सगळे म्हणतात, सर तुमीच लिहून द्या. देऊ का लिहून?
(एक शिक्षक, घाटंजी तालुका)

उत्तर : नका देऊ सर. तुम्ही लिहून दिलं की पोरं ते पाठ करतील, चांगलं करतीलही, पण मग ते तुमचं नाटक झालं. आणि "विषय काय घेऊ" असं विचारलं की पोरं सरळ निबंधाच्या वहीकडे पळतात, व्यसनमुक्ती, झाडे लावा, मोबाइलचे दुष्परिणाम, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे अन त्यातलं एकही त्यांचं नाहीये. त्यापेक्षा विचारा की घरी शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं, शेवटची एसटी चुकली तेव्हा घरी कशी पोचली, बाबासोबत सोयाबीन विकायला गेला होता तेव्हा तिथं काय झालं.

सोयाबीनचंच घ्या. हमीभावाने खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, त्याच्यावर मशीन गेली की माल परत, मग व्यापारी हातात मूठभर दाणे घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून भाव सांगतो आणि बाप नुसता उभा असतो. हा सीन तुमच्या निम्म्या पोरांनी डोळ्याने पाहिलाय. चार-चार जणांचे गट करा, दहा मिनिटं द्या, काही लिहू देऊ नका, अन म्हणा करून दाखवा. व्यापाऱ्याचं बोलणं पोरं इतकं हुबेहूब काढतील की तुम्हाला तसं लिहिता येणार नाही, मलाही नाही. मग पात्रं बदला, व्यापारी पोरीला करा, बापाची भूमिका सगळ्यात दंगेखोर पोराला द्या. बघणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगायचं की कुठं कंटाळा आला. असे पाच-सहा सीन फिरून फिरून झाले की मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ज्यांचं अक्षर बरं आहे अशा दोघा-तिघांना ते ऐकून वहीत उतरवायला बसवा. संहिता तयार होते ती अशी, आणि ती सगळ्यांची असते.

तुमचं काम दोनच, पुढं काय झालं हे विचारत राहायचं आणि वेळ कापायचा. पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि एक बंदी घालाच, शेवटी गुरुजी किंवा सरपंच किंवा पोलीस येऊन भाषण देतो अन सगळे सुधारतात, हा शेवट चालणार नाही म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. पोरं दर वेळी तिथंच जातात कारण आपणच त्यांना तसली नाटकं दाखवलीत.

हा प्रकार काही मी शोधला नाही. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून वंचितांचा रंगमंच उभा राहिला, त्यात वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवतात. शहरातल्या वस्तीत जमतं तर तालुक्याच्या शाळेत न जमायला काय झालं.

अजून एक. तुमच्या तालुक्यात कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या आहेत, तेव्हा वर्गात घरी कोलामी बोलणारी पोरंही असतील. ती मराठीत गप्प असतात म्हणून त्यांना झाड किंवा गर्दी करून मागे उभं करतात, हे मी बऱ्याच गॅदरिंगांत बघितलंय अन दर वेळी चीड येते. त्यांना एक सीन पूर्ण कोलामीत करू द्या. प्रेक्षकांना कळतं हो, आजी नातवाला रागावतेय हे कळायला भाषा लागत नाही.

तालमी मात्र आत्ताच सुरू करा. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला आला की सुट्टीच्या दिवशी निम्मा वर्ग वावरात असतो, त्यातही पोरी जास्त. आणि अंधार पडायच्या आत सोडा, नाहीतर पहिल्या आठवड्यात पोरींचीच नावं गळतात आणि मग आपण म्हणतो की पोरींना इंटरेस्ट नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपने स्वतः नाटक बसवलंय. त्यात एका मैत्रिणीच्या घरची खरी गोष्ट आहे, तिच्या आईने कर्ज काढलं आणि हप्तेवाला दर आठवड्याला दारात येऊन बसतो. आधी ती हो म्हणाली होती, आता म्हणते हा सीन नको. बाकीचे म्हणतात तोच सीन सगळ्यात भारी आहे. काय करू?
(अकरावीची विद्यार्थिनी, साकोली तालुका)

उत्तर : ती नको म्हणाली ना, मग काढा. आधी हो म्हणाली होती वगैरे वाद घालू नका, स्टेजवर दोन दिवस टाळ्या मिळतील पण तिच्या आईला त्याच गावात राहायचंय, त्याच दुकानातून उधारीवर तेल आणायचंय.

पण विषय सोडायची गरज नाही. आठवड्याचा हप्ता एकाच घरात थोडी आहे. चार-पाच घरी जाऊन बाया काय बोलतात ते ऐका, नाव लिहू नका, रेकॉर्ड करू नका, आणि त्यातून एक नवीन घर तयार करा जे गावात कुणाचंच नाही. पोरं किती, नवरा काय करतो, कर्ज कशाला काढलं, सगळं बदला. हप्तेवाल्यालाही राक्षस करू नका बाई, तोही बहुतेक पंचवीस वर्षांचा पोरगा असतो, त्यालाही वरून टार्गेट असतं, त्याला घाबरलेला दाखवा, सीन आधीपेक्षा भारी होईल. आणि मैत्रिणीला विचारा तिला काय करायचंय, तिला यात हप्तेवालाच व्हायचं असेल तर होऊ द्या.

हे पत्र वाचून मनात आलेलं सांगूनच टाकतो. आपल्याकडच्या स्पर्धांत शेतकरी आत्महत्येवरची एकांकिका म्हणजे नंबर नक्की असा एक समज पसरलाय, गळ्यात दोर, मागे बायकोचा हंबरडा आणि निळा लाइट. समोरच्या रांगेत ज्याचा बाप खरंच गेलाय असा पोरगा बसलेला असू शकतो, याचा विचार कोण करतं? त्या विषयावर नाटक करूच नये असं नाही. पण मरण्याचा सीन दाखवू नका. त्यानंतर कागदपत्रांसाठी तहसीलला मारलेल्या चकरा दाखवा, त्यात नाटकही जास्त आहे.

तुमच्या विषयाला एक पद्धत छान बसेल. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी रुजवलेली, फोरम थिएटर म्हणतात तिला. नाटक अडचणीच्या जागी नेऊन थांबवायचं, मग प्रेक्षकातल्या कुणीतरी उठून त्या बाईच्या जागी यायचं आणि स्वतः काय केलं असतं ते करून दाखवायचं. पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था खेड्यापाड्यांत हेच करत आलीय. पहिल्यांदा कुणी उठणार नाही, लोक एकमेकांकडे बघून हसतील, तेव्हा घाबरू नका, एखाद्या बिनधास्त मावशीला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मुलांचं नाटक वऱ्हाडीत केलं तर परीक्षक मार्क कापतात का?
(अकोला जिल्हा)

उत्तर : कापणारे कापतात. तुम्ही वऱ्हाडीतच करा. फक्त हसवण्यापुरतं वऱ्हाडी अन रडायची वेळ आली की एकदम पुण्याची मराठी, असं करू नका, तेव्हा मार्क जायलाच पाहिजेत.

प्रश्न : पोरगा बारावीला आहे, दोन वर्षं शाळेच्या नाटकात चमकला. आता म्हणतो वडसाला जाऊन झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत घुसतो. आम्ही काय करावं?
(एक वडील, आरमोरी तालुका)

उत्तर : काका, तुमच्या भागात तरी हा धंदा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. धान निघाला की मंडईच्या जत्रा, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू होतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तिकीट काढून लोक बघतात. वडसा तर या कंपन्यांचं गावच आहे. गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

पण सीझन होळीच्या आसपास संपतो, मग उरलेलं वर्ष काय, हा प्रश्न त्याला विचारा, रागावून नाही, खरोखर विचारा. बहुतेक कलावंतांची शेती किंवा दुसरं काही काम असतंच. बारावी पूर्ण करू द्या, पुढच्या दिवाळीनंतर एक सीझन जाऊ द्या, पडदे ओढेल, सामान उतरवेल, रात्ररात्र जागेल. आणि कॉलेजला नाव घातलंच तर गोंडवाना विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरायला सांगा, तिथं त्याच्यासारखे आणखी भेटतील. शाळेत त्याने स्वतःचं काही रचलं असेल तर ती वही मात्र सांभाळून ठेवा, रद्दीत घालू नका.

प्रश्न : मुलांनी मिळून रचलेल्या नाटकाला लेखक म्हणून नाव कोणाचं द्यायचं? आणि सेन्सॉर लागतं का?
(एक शिक्षिका, वणी)

उत्तर : ज्यांनी रचलं त्या सगळ्यांचं, मॅडम. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखक ही सोय आहेच, त्यामुळे फॉर्मवर जागा एकाच नावाची असली तर "लेखन : विद्यार्थी गट" लिहा आणि मागे नावांची यादी जोडा. तुम्ही संवाद नीट केले असतील तर तुमचं नाव "संस्करण" म्हणून खाली, वर नाही.

सेन्सॉरचं म्हणाल तर नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे स्पर्धेत उतरत असाल तर नियमपत्रिका आधी वाचा आणि संहिता लवकर पाठवा, शेवटच्या आठवड्यात नाही. म्हणजे वहीतलं नाटक टाइप करून घ्यायलाही वेळ पाहिजे, कारण तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे दिलं की तो "काहून" चं "कारण" करून ठेवतो. स्वतः एकदा वाचून घ्या.