चार पैसे आले की देव मागे पडतो. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांत धंदा चांगला चालायला लागला, नाशिकला स्वतःचं घर झालं, दारात गाडी आली, पण अडचणीच्या दिवसांत रोज होणारी देवाची आठवण आता सणावारापुरती उरली. भरभराटीत नम्र कसं राहायचं आणि देवावर भार टाकून कसं जगायचं?

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. घरात वारी पिढ्यान्‌पिढ्यांची, गळ्यात माळ. तरी मला हे जमलं नव्हतं. ते कसं, ते आधी सांगतो.

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि निर्यातीचा माल अडकला. माझाही त्यात होता. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, औषधांच्या दुकानात उधारी, घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. त्या उन्हाळ्यात मला रात्र रात्र झोप नसायची, पण हरिपाठ एक दिवस चुकला नाही. पुढच्या पौषात गावच्या दिंडीबरोबर पायी त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला गेलो. पौष वद्य एकादशीची यात्रा ती. सलग तीन वर्षं गेलो. घडी बसत गेली, कर्ज फिटलं.

चौथ्या वर्षी, म्हणजे 2014 च्या जानेवारीत, नेमकी एकादशीच्या सुमारास तोडणी आली. व्यापारी दारात, दर मनासारखा. आईला म्हणालो, “यंदा राहू दे, नाथ समजून घेतील.” फेब्रुवारीच्या मध्याला बाग रिकामी झाली, पैसे खात्यावर आले. आणि महिना संपता संपता गारपीट सुरू झाली, ती मार्चमध्येही चालली. त्या वर्षीची गारपीट महाराष्ट्रातला कुठलाही शेतकरी विसरला नसेल.

माझ्या बांधाला लागूनच शेजाऱ्याची बाग आहे. त्याचा माल तोडायचा राहिला होता. सकाळी गेलो तर ओळींमध्ये सावलीला गारा तशाच पडलेल्या. पानांची चाळण झालेली. घड वेलीवरच होते, पण मणी फुटून रस खाली गळत होता आणि सगळ्या बागेत गोडसर, आंबूस वास भरला होता. तो बांधावर बसला होता. एक घड हातात घेऊन फुटलेले मणी एकेक करून काढत होता, जणू घडातले जास्तीचे मणी काढायची विरळणीच करतोय.

त्याच संध्याकाळी पारावर मी चारचौघांत बोललो, “आपण आगाप, म्हणजे लवकर छाटणी घेतली म्हणून वाचलो. नियोजन लागतं.” तो तिथेच होता. काही बोलला नाही, उठून गेला. त्याची छाटणी उशिरा का झाली हे मला पक्कं माहीत होतं. सबंध सप्टेंबर तो वडिलांना घेऊन दवाखान्यात होता.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, “फुलोऱ्यात पाऊस पडू नको म्हणून तू सांगून ठेवलं होतंस का?”

द्राक्षाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी घेतली की परतीचा पाऊस बागेला ऐन फुलोऱ्यात गाठू शकतो. डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, निम्मी बाग हातची जाते. त्या वर्षी माझ्या शिवारात त्या दिवसांत पाऊस आला नाही, म्हणून मी तरलो. फवारण्या मी केल्या, रात्री-अपरात्री पाणी दिलं, हे खरंच आहे. पण बाग ज्यावर तरली ती गोष्ट माझ्या हातातली नव्हती. मी जुगार खेळलो होतो, तो लागला, आणि त्याला मी नियोजन म्हणत होतो.

तेव्हापासून मी स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला लागलो. वाईट वर्षी आम्ही म्हणतो, “बाग गेली.” म्हणजे आपोआप गेली, आमचा हात नाही. चांगल्या वर्षी म्हणतो, “मी एकरी एवढा माल काढला.” अहंकार असा क्रियापदात येऊन बसतो. तुम्हीही आठवडाभर ऐकून बघा. ऑर्डर मिळाली की ‘मी मिळवली’, गेली की ‘मार्केट डाऊन आहे’. देव विसरल्याची पहिली खूण मला इथे सापडते, देवळात जाणं कमी होतं ती नंतरची.

आता एक अडचण. आईचं बोलणं लागल्यावर मी उलटं बोलायला लागलो, “देवाने वाचवलं.” ऐकायला नम्र वाटतं. पण शेजाऱ्याच्या कानाने ऐका. मला वाचवलं, मग त्याला कुणी मारलं? त्याने काय कमी नाव घेतलं होतं? असं बोलणंही मला अहंकारच वाटतं, आपण देवाचे लाडके असल्याचा. त्याची का गेली, माझी का राहिली, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या हातात जे राहिलं ते एकट्या माझ्यासाठी राहिलं नसावं, इतपत मात्र कळलं. चार दिवसांनी त्याच्या वस्तीवर गेलो, पारावर बोललो त्याची माफी मागितली. एप्रिलमध्ये, माल निघाल्यावर जी खरड छाटणी होते तिची औषधं माझ्या खात्यावर उचल म्हणालो. त्याने उचलली, पुढच्या हंगामात फेडली. मी पैसे घेत नव्हतो; घ्यावे लागले. माणसाला मिंधं करून दान करणं हेही मोठेपणाचंच एक रूप आहे.

भागवतात कुंती कृष्णाकडे विपत्ती मागते ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संकटं येत राहोत, म्हणजे तुझं दर्शन घडत राहील. ती हे वनवासात मागत नाही. युद्ध संपलंय, राज्य हाती आलंय, कृष्ण द्वारकेला निघालाय, तेव्हा मागते. धोका कुठे सुरू होतो हे तिला नेमकं कळलं होतं. माझ्यात विपत्ती मागण्याची हिंमत नाही. पोरं शिकतायत, कर्ज आहे. म्हणून मी त्यातल्या त्यात एक करतो: माझ्यावाचून अडेल असं वाटतं तेव्हाच निघून जातो.

2015 पासून, करोनाचा काळ सोडला तर, पौषातली दिंडी चुकवलेली नाही. मण्यात पाणी उतरलेलं असतं, म्हणजे माल पिकायला आलेला असतो, व्यापारी फोन करत असतात, अवकाळीची भीती असते. अशा वेळी तीन दिवस बाग भावाच्या आणि देवाच्या हवाली करून चालायचं. पहिल्या दिवशी चित्त बागेतच असतं. भार टाकणं म्हणजे काय हे मला त्या तीन दिवसांत कळतं, घरी बसून कधी कळलं नाही. (फवारणी सोडून नामस्मरण करा असं मी म्हणत नाही. दिंडीला निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत मी बागेतच असतो.)

आमच्या दिंडीत वीणा ज्यांच्या गळ्यात असते ते बाबा एरवी माझ्याकडे छाटणीला मजुरीने येतात. बागेत मी त्यांना कामं सांगतो, दिंडीत त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. तेही वाकतात. परतल्यावर पुन्हा बागेत भेट होते तेव्हा माझा आवाज खाली आलेला असतो. तो वर्षभर टिकत नाही, दिवाळीपर्यंत पुन्हा चढतो. म्हणून दरवर्षी जावं लागतं.

आणि जातो कुणाकडे, तर निवृत्तिनाथांकडे. गीतेवर एवढी मोठी टीका सांगून ज्ञानेश्वर स्वतःला निवृत्तिदास म्हणवतात. सगळं श्रेय थोरल्या भावाला, गुरूला. समाधीपुढे उभं राहिलं की माझ्या एकरी टनांचं मला काही वाटेनासं होतं.

तुम्ही नाशिकलाच आहात. पौष वद्य एकादशीच्या आधीच्या दिवसांत त्र्यंबक रोडने दिंड्या जाताना दिसतील. सातपूरला कुठल्याही दिंडीच्या मागे चालायला लागा, कुणी नाव विचारत नाही. महिरावणीपर्यंत चाला, जमलं तर अंजनेरी, जमलं तर पुढे. दुकान त्या दिवशी दुसऱ्यावर सोपवा आणि फोन घरी ठेवा. पहाटे थंडी फार असते, स्वेटर आणि कानटोपी घ्या.