उन्हातली ड्युटी अन् चेहऱ्याची क्रीम

प्रश्न : ताई, मी आशा वर्कर. गृहभेटींसाठी भर उन्हात फिरते. गालांवर वांग आलेत. सनस्क्रीन अन् व्हिटॅमिन सी असलेलं एकच मॉइश्चरायझर चालेल का?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : चालेल. मात्र ट्यूबवर एसपीएफ (ऊन भाजण्यापासून बचावाचा आकडा) ३० किंवा जास्त अन् पीए+++ (कातडी काळवंडवणाऱ्या किरणांपासून बचावाची खूण) बघूनच घे. वांगावर ऊन टाळणं हाच खरा उपाय, व्हिटॅमिन सी नुसती जोड. ते उष्णतेनं, हवेनं खराब होतं, म्हणून बरणी नको, बंद ट्यूब घे. विदर्भातल्या मे महिन्यात टिनाच्या घरात ती माठाजवळ ठेव. तपकिरी पडली की टाकून दे.

चेहरा-मानेला दोन बोटांवर रेघ ओढून भरेल एवढी लाव. दर दोन तासांनी पुन्हा. दुपट्टा बांधायचाच.

अन् बाई, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरेपणाची क्रीम अजिबात लावू नको. कित्येकींत स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते.